दोंडाईच्याहून आलेली बाई

दाराशी अनोळखी चपला दिसल्या की जियाला कोणी काही सांगावं लागत नसे. हातात असेल ते खाली ठेवून ती उठायची, जिन्याचं दार उघडून आत जायची आणि दार इतक्या हळू लोटून घ्यायची की बैठकीतल्या माणसाला पत्ताही लागत नसे. जियाला जन्मापासून डाऊन सिंड्रोम. वय एकवीस, बोलणं मोजकं, लिहिणं स्वतःच्या नावापुरतं. पण पाहुणा ओळखून नाहीसं होण्यात तिचा हात धरणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. तिच्या आईला, सोहनबाईला, कधी कधी पोरीचं कौतुक वाटायचं आणि मागोमाग त्या कौतुकाची लाज वाटायची. लाज फार टिकायची नाही, कारण तेवढ्यात पाहुण्यांचा चहा टाकावा लागे.

त्या मंगळवारी चपलांच्या आधी बातमी आली. धुणंभांडी करणारी सरलाबाई मेडिकलवरून बाम घेऊन परतली ती धापा टाकतच.

"भाभी, एक बाई येल शे. मेडिकलवर तुमनं घर इचारी ऱ्हायनी व्हती. जियानं नाव लिधं तिनी."

"जियानं? तिले जियानं नाव कोनी सांगं?"

"माले काय माहीत? खांदावर बॅग शे, गळामा कार्ड शे. गोड गोड बोलस."

गोड बोलते म्हटल्यावर सोहनबाईने पदर खोचला. मेडिकलवाल्याकडे चौकशी, जियाचं नाव आणि गोड बोलणं. ही बाई कुठून आली असणार हे तिला आणखी कोणी सांगायची गरज नव्हती. ही दोंडाईच्याहून आली होती.

त्याचं असं होतं. सोहनबाईच्या नवऱ्याचं, गौतमचंदजींचं, जैन घर मूळ राजस्थानातलं, पण चार पिढ्यांपासून नंदुरबारच्या मिरची बाजारामागच्या गल्लीत रुजलेलं. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी, गुजरातच्या व्यापाऱ्याशी गुजराती आणि सरकारी माणसाशी शाळेतली मराठी. किराणा आणि मिरची पावडरीचं दुकान नीट चाललेलं. चालत नव्हतं ते एकच, मुलाचं लग्न. अभिनंदनची बोलणी दोनदा मोडली होती. दोन्ही वेळा समोरच्यांनी कारण सांगितलं नाही आणि दोन्ही वेळा ते घरातल्या सगळ्यांना कळलं. आता तिसऱ्यांदा दोंडाईच्याच्या चांदनीचं स्थळ आलं होतं. मुलगी शिकलेली, हसरी, आणि मुख्य म्हणजे अभिनंदनला मनापासून आवडलेली. फोनवर बोलताना पोरगा गच्चीवर फेऱ्या मारायचा, ते बघून सोहनबाईचा जीव सुखावायचा.

रविवारी चांदनीची माणसं घर बघून गेली. चपला दाराशी आल्या, जिया जिन्यात गेली. "घरात आणखी कोण?" असं मुलीच्या आत्याने विचारलं तेव्हा गौतमचंदजी घसा साफ करत बसले, मग सोहनबाईनेच सांगितलं, "एक मुलगी आहे. जरा भोळी आहे. मामाकडे शहाद्याला असते, तिथंच तिचं मन रमतं." आत्याबाईंनी मान डोलावली. जरा जास्तच वेळ डोलावली, असं सोहनबाईला तेव्हापासून वाटत होतं.

त्यांच्या समाजात सोयरीक जुळवताना तोंडावर कोणी काही विचारत नाही. तोंडावर फक्त मिठाईचं कौतुक. खरी चौकशी मागून होते. शेजारणीकडे, साध्वी उतरतात त्या उपाश्रयात, न्हाव्याकडे, औषधाच्या दुकानात. आणि ह्या कामात सोहनबाईसारखी पटाईत बाई गल्लीत नव्हती. भाचीच्या सोयरिकीत ती शहाद्याला एका घरी पापड घ्यायच्या निमित्ताने गेली, हात धुवायला म्हणून आत शिरली, आणि सासऱ्याच्या इन्सुलिनपासून धाकट्या दिराच्या झोपेच्या गोळ्यांपर्यंत सगळं फडताळ नजरेने वाचून आली. ते स्थळ तिने तिथल्या तिथे मोडलं होतं. तेव्हा चौकशीला येणारी बाई कशी दिसते, काय घालते, कशी बोलते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

बेल वाजली. सोफ्यावर मटार सोलत बसलेल्या जियाने ताट खाली ठेवलं आणि ती जिन्याच्या दाराआड गेली.

"नमस्कार काकी, मी एस्तेर. नवापूरकडची," दारातली मुलगी म्हणाली. पंचविशीची असेल. साधा सुती ड्रेस, कपाळावर घाम. "आपल्या भागात डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांना दवाखान्यात कशी सेवा मिळते, त्याचं आम्ही मोजमाप करतोय. कोणत्या तपासण्या होतात, वेळेवर होतात का, डॉक्टर नीट वागतात का. थोडे प्रश्न आहेत. नाव कुठेही येणार नाही."

मिरची मोजतात, कापड मोजतात. डॉक्टर कसे वागतात ते मोजायला माणसं दारोदार फिरतात, हे सोहनबाई जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. आणि नाव येणार नाही असं आपण होऊन सांगणारा माणूस पहिलं काय करतो, तर नाव घेऊन गावभर फिरतो.

"आमचं घर तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गेल्या वर्षी दिव्यांग दाखल्याचं शिबिर होतं ना, तिथं काकांनी संमती दिली होती. सही आहे त्यांची."

सोहनबाईने तिला बसवलं आणि पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरातून दुकानात फोन लावला.

"दिली असेल सही," गौतमचंदजी म्हणाले. मागे मिरची कांडायचं यंत्र धडधडत होतं. "तिथं कागद पुढे करत होते, मी करत होतो. कार्ड बघितलंस का तिचं?"

"कार्ड काय, कुठेही छापून मिळतं."

"मग लावून दे वाटेला."

"आणि तिनं तिकडे जाऊन सांगितलं की लपवतायत? तुम्ही गल्ला सांभाळा. मी तिला बसवते आणि तिला काय न्यायचंय ते मीच बांधून देते."

पाण्याचा तांब्या घेऊन ती बाहेर आली तेव्हा तिने आणखी एक गोष्ट टिपली. मिरचीच्या दिवसांत ह्या गल्लीत परका माणूस आला की शिंकून शिंकून बेजार होतो. ही पोरगी एकदाही शिंकली नव्हती. म्हणजे मिरचीच्या गावातून आलेली. आणि दोंडाईच्यालाही मिरची काय कमी वाळते? तेवढ्यात पोरीचा फोन वाजला. "हो सर," ती म्हणाली, "दोंडाईच्याचं कालच झालं. आज नंदुरबार."

सोहनबाईने तांब्या टीपॉयवर ठेवला. ती समोर बसली आणि तिने चेहऱ्यावर रविवारचं हसू आणलं.

"विचारा मॅडम," ती म्हणाली. "आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

एस्तेरने मांडीवर टॅब घेतला. प्रश्न सुरू झाले आणि सोहनबाईने एकेक झेलायला सुरुवात केली. जियाच्या हृदयाची सोनोग्राफी कधी झाली होती का? झाली होती, सगळं ठीक होतं. कान तपासले होते? तपासले होते, पोरीला बारीकसं कुजबुजलं तरी कळतं. डोळे? दरवर्षी. दात? दात तर काय मोत्यासारखे. एकही गोष्ट खरी नव्हती. पण सोहनबाईची जीभ आता तापली होती. दोंडाईच्याच्या आत्याबाईंना जाऊन सांगू दे, की ह्या घरातली पोर भोळी असेल, पण निरोगी आहे आणि तिच्यामागे दवाखान्याचं लचांड नाही.

"थायरॉइडची रक्ततपासणी वर्षातून एकदा होते?"

"होते की. नॉर्मल."

"बरं. आता थोडं तिच्या तब्येतीचं विचारते. इतरांपेक्षा थंडी जास्त वाजते का?"

"नाही."

"केस गळतात? कातडी कोरडी पडते?"

"नाही."

"अंग जड वाटतं, दिवसाही झोप येते? थोडं चाललं तरी थकते?"

"नाही," सोहनबाई म्हणाली, पण ह्या वेळी तिचा आवाज जरा खाली आला.

कारण हे प्रश्न तिने आधी ऐकले होते. प्रश्न कसले, ही तिचीच गाऱ्हाणी होती. चार वर्षांपूर्वी तिला असंच व्हायचं. अंगावर शाल, कंगव्यात केसांचे पुंजके, भाकरी थापता थापता डोळा लागायचा. बाजारातल्या डॉक्टरसाहेबांनी तिचं अर्धं बोलणं ऐकून रक्त काढायला लावलं आणि संध्याकाळी हातात थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली दिली. तेव्हापासून रोज सकाळी नवकारशी झाली, म्हणजे सूर्योदयानंतर दोन घटका सरून पाणी प्यायची मुभा मिळाली, की ती पाण्याबरोबर इवलीशी पांढरी गोळी घेते आणि दिवसभर भिंगरीसारखी फिरते. जियाला त्या गोळीचं फार अप्रूप. रोज आईसमोर तळहात पसरून ती उभी राहते, "मला पण." मग सोहनबाई तिच्या हातावर बडीशेपेची रंगीत गोळी ठेवते आणि जिया आईसारखंच मान मागे टाकून पाण्याबरोबर गिळते.

जिया नाचायची थांबली, दिवसभर झोपायला लागली, तेव्हा सोहनबाईने एकदा डॉक्टरसाहेबांना विचारलंही होतं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "अशा मुलांचं असंच असतं, भाभी. खायला जरा कमी देत जा." अशा मुलांचं असंच असतं हे वाक्य ती एकवीस वर्षं ऐकत आली होती. दात उशिरा आले तेव्हा ऐकलं, चालायला उशीर झाला तेव्हा ऐकलं. त्या वाक्यापुढे विचारायला काही उरत नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.

"डॉक्टर जियाशी थेट बोलतात, की तुमच्याशीच?" एस्तेरचं चालूच होतं.

"तिच्याशी तर फार बोलतात."

"हात लावायच्या आधी तिला सांगतात, की आता मी पोट बघतो, आता कान बघतो?"

"सांगतात. फार मायाळू आहेत."

एस्तेरने टॅबवरून नजर वर केली. "काकी, धडगावपासून नवापूरपर्यंत फिरले, पण इतकं सगळं मिळालेलं एकही घर मला दिसलं नाही." हे ती खरंच म्हणतेय की टोमणा मारतेय, हे सोहनबाईला उमगेना. "आता जियाशी दोन शब्द बोलू? तिचं म्हणणं वेगळं घ्यायचं असतं."

"ती नाही इथं. शहाद्याला आहे, मामाकडे."

हे वाक्य पुरतं हवेत विरलंही नव्हतं, तोच जिन्याचं दार करकरलं.

"मम्मी," जिया म्हणाली. "थंडी."

पंखा पाचवर होता. बाहेर फाल्गुनाचं ऊन मी म्हणत होतं, समोरची पोरगी रुमालाने मान पुसत होती. आणि दारात जिया उभी. अंगात लांब बाह्यांचा स्वेटर, वर आजीची लोकर सुटलेली शाल, आणि ओठ सुकलेले.

सोहनबाईला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. पण एस्तेरने तिच्याकडे पाहिलंच नाही. ना "अरे, तुम्ही तर म्हणालात," ना एक भुवई वर. ती सोफ्यावर सरकून बसली आणि म्हणाली, "ये जिया. मी एस्तेर. तुझ्याशीच बोलायचं होतं." खोटं पकडूनही न बोलणारं माणूस फार धोक्याचं, हे सोहनबाईला स्वतःवरून माहीत होतं. शहाद्याला तीही अशीच गप्प बसली होती.

एस्तेरने बॅगेतून चेहऱ्यांची चित्रं काढली. एक हसरा, एक रडका, एक नुसताच. जियाला ती भारी आवडली. तिने तिन्ही चेहरे स्वतः करून दाखवले आणि एस्तेर खळखळून हसली.

"दवाखान्यात गेलीस की कसं वाटतं?"

जियाने विचार करून नुसत्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"डॉक्टर काय म्हणतात तुला?"

"मी बाकावर," जिया म्हणाली. "बाहेर. मम्मी आत."

"ती मस्करी करते," सोहनबाई घाईने म्हणाली. "काही पण बोलते." एस्तेरने मान हलवली, पण डोळे जियावरच ठेवले.

"आणि जिया, जिना चढताना दमतेस?"

"हो. मी बसते. तिथं." जियाने दाराकडे बोट दाखवलं. मग तिला काहीतरी आठवलं आणि तिचा चेहरा फुलला. ती पुढे वाकून एस्तेरला गुपित सांगावं तसं सांगू लागली. "पाहुणे आले. खूप पाहुणे. मी वर नाही गेली. दम लागला. जिन्यात बसली. अंधारात." तिने ओठांवर बोट ठेवलं. "आवाज नाही केला."

मग तिने आईकडे पाहिलं. शाबासकीसाठी.

रविवारी पाहुणे दोन तास बसले होते. पोर वर खोलीत मोबाइल बघतेय, गादीवर पडलीय, असं सोहनबाई धरून चालली होती. वरपर्यंत पायऱ्या त्या किती! पण पोरीला तेवढ्याही चढवल्या नव्हत्या.

एस्तेरने चित्रं आवरली. "शुक्रवारी बाहेरगावचे डॉक्टर येणार आहेत, काकी," ती म्हणाली. "रक्त, कान, डोळे, हृदय, सगळं एकाच ठिकाणी तपासणार. जागा थोड्या आहेत, म्हणून ज्यांचं काहीच झालेलं नाही त्यांनाच बोलावतोय. तुमचं तर सगळं झालेलं आहे." तिने बॅगेची चेन लावली. "झालेलं आहे ना?"

आता हा सापळा होता की दार होतं? सोहनबाईने पोरीच्या शालीकडे पाहिलं. पोरीला रक्ताची तपासणी हवी होती, आज हवी होती, हे तिला समोर ठेवल्यासारखं दिसत होतं. पण आता 'नाही' म्हणावं तर मघाचं सगळं खोटं पडणार. शुक्रवारी चारचौघांत जियाला रांगेत उभं करायचं, आणि ही बाई त्याच संध्याकाळी आत्याबाईंच्या ओसरीवर. दोनदा मोडलेलं अभिनंदनचं नशीब तिच्या एका शब्दावर उभं होतं.

"झालेलं आहे," ती म्हणाली.

"बरं. मग तुमच्या डॉक्टरांचं नाव बाकीच्या आयांनाही सांगते. पुष्कळजणी विचारतात, चांगला डॉक्टर कुठे आहे म्हणून." दाराशी चपला घालता घालता एस्तेर म्हणाली, "उद्या सकाळी स्टेशनजवळून निघतेय मी. काही आठवलं तर या."

संध्याकाळी गौतमचंदजी दुकानातून आले ते हसत हसतच. "दोंडाईच्याचा फोन होता! बाकी सगळं पसंत आहे म्हणाले. गुरुवारी नारळ घेऊन येतात."

"बघा!" सोहनबाई म्हणाली. "मी म्हणत नव्हते? दुपारी बाई गेली, संध्याकाळी होकार. पोचवलं तिनं बरोबर." तिला स्वतःचाच अभिमान वाटला. अभिनंदन फोन घेऊन गच्चीवर पळाला. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची होती, म्हणून तिने घाईने लापशी केली, वर भरपूर तूप सोडलं आणि जियाला हाक मारली.

जिया दिसेना. होकाराचं ऐकून शेजारची दोन माणसं पेढे खायला आली होती, दाराशी त्यांच्या चपला होत्या. सोहनबाईने जिन्याचं दार उघडलं. चौथ्या पायरीवर जिया भिंतीला डोकं टेकून झोपली होती.

सोहनबाईने तिला उठवलं नाही. कोणास ठाऊक का, पण तिने दार आतून लोटून घेतलं आणि खालच्या पायरीवर बसली. काळोख. भिंतीतून पाझरणारा मिरचीचा खवखवणारा वास. आणि बैठकीतला शब्दन् शब्द ऐकू येत होता. कपाचा आवाज, शेजाऱ्याचं खाकरणं, गौतमचंदजींचं हसणं, सगळं कानाशी असल्यासारखं. शेजारी म्हणाला, "पोरगी कुठे आहे तुमची?" आणि गौतमचंदजी अगदी सवयीने म्हणाले, "आहे आत कुठेतरी."

म्हणजे रविवारीही इथे सगळं ऐकू आलं असणार. जरा भोळी आहे. मामाकडे असते. तिथंच तिचं मन रमतं. पोरीने आईच्या तोंडून ते सगळं इथे बसून ऐकलं आणि वर अभिमानाने सांगितलं की आवाज नाही केला. सोहनबाईने पदराचा बोळा तोंडात धरला, कारण रडणं बाहेर ऐकू गेलं असतं.

सकाळी नवकारशी झाली. तिने बाटलीतली पांढरी गोळी तळहातावर घेतली. जिया समोर आली, शाल घट्ट ओढून, आणि तिने हात पसरला.

"मला पण."

बडीशेपेचा डबा कोनाड्यात होता. सोहनबाईने तिकडे हात नेला आणि मागे घेतला. स्वतःच्या हातातली गोळी तिच्या हातावर ठेवावी असं तिला वाटून गेलं. पण तेही खोटंच झालं असतं, न तपासता दिलेलं.

"चल," ती म्हणाली. "चपला घाल."

"पाहुणे?"

"नाही. आपणच जायचं."

दोघी रिक्षात बसल्या. बाई दोंडाईच्याचीच, ह्याबद्दल तिच्या मनात अजूनही शंका नव्हती. कालचा होकार कालच्या खोट्यावर आला होता, तो आजच्या खऱ्याने जाईल, हेही तिला कळत होतं. अभिनंदनचं कालचं हसू डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. दोन लेकरांत वाटणी करायची वेळ आईवर येऊ नये, पण तिने ती एकवीस वर्षं केली होती आणि दर वेळी एकाच पारड्यात टाकलं होतं.

स्टेशनसमोर रिक्षांची रांग, चहाच्या टपऱ्या, मिरचीच्या पोत्यांनी लादलेले टेम्पो. गाडीतून उतरलेली माणसं शिंकत चालली होती. एस्तेर एका जीपच्या टपावर बॅग चढवायला लावत होती. आणि टपरीपाशी उपाश्रयातली सोहनबाईची नेहमीची ओळखीची बाई उभी होती, पांढऱ्या साडीत, कान टवकारून. हिला आज कळलं की दुपारपर्यंत दोंडाईच्याला पोचलं म्हणून समजा. सोहनबाईची पावलं क्षणभर अडली. मग तिने जियाचा हात घट्ट धरला आणि सरळ जीपपाशी गेली.

"ओ पोरी! थांब."

एस्तेर वळली. "काकी?"

काल दिवसभर सोहनबाई तिच्याशी शाळेतली मराठी बोलली होती, शब्द चाचपून चाचपून. आता ती मराठी कुठल्या कुठे गेली.

"मी काल खोटं बोलनू," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "तू दोंडाईचानी ऱ्हाय का नवापूरनी ऱ्हाय. जठे सांगनं शे तठे जाईसन सांग. पन लिख. मन्ही पोरनं काहीच करेल नही. रगत तपासेल नही, कान तपासेल नही, छाती तपासेल नही. डॉक्टरनी तिले हात सुद्धा लायेल नही. ती बाहेर बाकवर बठस. आनि त्या डॉक्टरनं नाव कोनले सांगू नको."

जीपमधली माणसं डोकावून बघू लागली. रिक्षावाला उदेसिंग मीटरवर हात ठेवून तसाच राहिला. पांढऱ्या साडीतली बाई दोन पावलं पुढे सरकली.

एस्तेर गोंधळून तिच्याकडे बघत होती. "काकी, दोंडाईच्याला माझं कोण आहे? तिथं दोन घरं होती तपासायची, तेवढंच." सोहनबाईने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. खरं बोलतेय की नाही, ते तिला आताही कळेना. पण आता त्याने काही बिघडत नव्हतं.

"शुक्रवारचं जमल का?"

"विचारून बघते. नक्की सांगत नाही, नावं कालच दिलीत," एस्तेर म्हणाली. "पण रक्त आजही काढता येईल, त्याला शुक्रवार कशाला?" तिने टपावरची बॅग खाली घ्यायला सांगितली आणि टॅब बाहेर काढला. "पहिल्यापासून घेऊ या?"

"पहिल्यापासून."

टपरीवाल्याने बाक पुढे केला. एस्तेर बसली. तिने शेजारची जागा जियासाठी पुसली आणि प्रश्न आधी जियाला विचारला, मग आईला. बघ्यांचं कोंडाळं वाढत होतं. कोणी म्हणालं गौतमचंद शेठची पोर, कोणी म्हणालं त्यांना पोर आहे होय? पांढऱ्या साडीतली बाई आता अगदी जवळ आली होती आणि पदराआडून फोन काढत होती.

जियाने आजूबाजूच्या पायांकडे पाहिलं. इतक्या अनोळखी चपला तिने एका ठिकाणी कधी पाहिल्या नव्हत्या. ती चटकन उठली. दार कुठे आहे, जिना कुठे आहे, तिने चहूकडे शोधलं. मग आईचा पदर ओढून ती हळूच म्हणाली, "मम्मी. पाहुणे. मी जाऊ?"

"नको," सोहनबाई म्हणाली आणि तिला सगळ्यांसमोर आपल्या शेजारी बसवून घेतलं. "इथंच बस."